हरलेल्या यंत्राचा खेळ

बाजारात हरलेल्या गेम कन्सोलची ओळख एकाच खेळावरून सांगायची झाली, तर कोणता खेळ निवडावा? हा प्रश्न निघाला की बहुतेक जण त्या यंत्रावरचा सर्वांत चांगला खेळ सांगतात. काही जण सर्वांत जास्त खपलेला सांगतात. मला ही दोन्ही उत्तरे चुकीची वाटतात. चांगल्या खेळावरून तो रचणाऱ्यांची ओळख पटते, खपलेल्या खेळावरून गिऱ्हाइकांची. यंत्राचे काय? नवे यंत्र बाजारात आणणाऱ्याने कशावर तरी डाव लावलेला असतो. तो डाव ज्या खेळात पुरता उतरलेला दिसतो, आणि हे यंत्र जन्माला का आले व बुडाले का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ज्याच्यात एकाच जागी सापडतात, तो त्या यंत्राचा खेळ.

माझे उदाहरण सेगा कंपनीच्या ड्रीमकास्टचे आहे. हे यंत्र जपानमध्ये २७ नोव्हेंबर १९९८ रोजी आले, अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ रोजी. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने ते बंद करत असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर घरगुती कन्सोल बनवणेच सोडून दिले. जगभरात साधारण ९१ लाख यंत्रे खपली. मार्च २००० मध्ये जपानात आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशन २ चा खप पुढे १५ कोटींच्या वर गेला. ड्रीमकास्ट का हरले याची कारणे नेहमी सांगितली जातात: आधीच्या सॅटर्न यंत्रामुळे सेगाची उडालेली पत, प्लेस्टेशन २ वर सिनेमाच्या डीव्हीडी लावता येण्याची सोय, इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या मोठ्या कंपनीने ड्रीमकास्टसाठी खेळ न काढणे, डिस्कच्या सहज होणाऱ्या नकला. सगळी कारणे खरी आहेत. पण सेगाच्या जागी दुसरी कंपनी असती तरी तिलाही यातली बरीचशी लागू पडली असती. ड्रीमकास्टचे स्वतःचे असे काय होते, ते या यादीत नाही.

ड्रीमकास्टच्या चाहत्यांना विचारा, निम्मे तरी ‘शेनमू’चे नाव घेतील. यू सुझुकी यांनी रचलेला हा खेळ डिसेंबर १९९९ मध्ये आला. १९८६ सालचे योकोसुका शहर त्यात उभे केले होते, गल्ल्या, दुकाने, बंदरासकट. त्या साली त्या शहरात प्रत्यक्षात जसे हवामान होते तसाच पाऊस आणि तसेच बर्फ खेळात पाडण्याची सोय होती. वडिलांच्या खुनाचा माग काढणारा नायक मधेच बंदरावर फोर्कलिफ्ट चालवायची नोकरी धरतो आणि रोज कामावर जातो. एवढ्या धीराने आणि एवढ्या खर्चाने त्या काळी दुसरा खेळ क्वचितच कोणी काढला असेल. खेळ म्हणून मी ‘शेनमू’ला फार वर मानतो. तरीही तो ड्रीमकास्टचा खेळ नव्हे. तो मुळात सॅटर्नसाठी सुरू झाला होता. त्याचा दुसरा भाग अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर गेला, आणि २०१८ मध्ये दोन्ही भाग प्लेस्टेशन ४ व संगणकावर आले. या प्रवासात त्याचे काही बिघडले नाही. सुझुकींच्या मनातले शहर कोणत्याही सशक्त यंत्रावर वसले असते. ड्रीमकास्ट त्याच्या वाटेवरचा एक मुक्काम होता.

‘सोल कॅलिबर’ आणि ‘क्रेझी टॅक्सी’ हे नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांवरून घरी आलेले खेळ, त्यामुळे त्यांचा विचार फार करावा लागत नाही. ‘सीमॅन’चा मात्र करावा लागतो. माणसाचा चेहरा असलेला मासा पाळायचा, आणि मायक्रोफोनमधून त्याच्याशी बोलायचे. तो ऐकतो, उलट बोलतो, कधी अपमानही करतो. इतका विचित्र खेळ दुसऱ्या यंत्रावर आला नसता असे सहज वाटते. पण मायक्रोफोन यंत्राचा भाग नव्हता, खेळासाठी वेगळा जोडावा लागे. ‘सीमॅन’ ही एका माणसाची विलक्षण कल्पना, सेगाने तिला आसरा दिला हे त्या कंपनीचे मोठेपण. तरी कंपनीचा डाव त्यावर नव्हता.

डाव टेलिफोनच्या वायरीवर होता. ड्रीमकास्टच्या पेटीत मोडेम बसवूनच येत असे. त्याआधी काही यंत्रांना मोडेम वेगळा विकत घेऊन जोडता येई. सेगाने ठरवले की यापुढे दिवाणखान्यातला खेळ एकट्याचा राहणार नाही, तो वायरीवरून परक्या माणसाशी खेळायचा असेल, आणि ही सोय मागणाऱ्याला नव्हे, प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यायची. कंपनीचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांचा यावर इतका विश्वास होता की जपानमध्ये यंत्राबरोबर दिलेल्या वर्षभराच्या मोफत इंटरनेटचा खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला. सोनिकचा खेळ घडवणाऱ्या युजी नाका यांच्या चमूला ओकावांनीच आग्रहाने ऑनलाइन खेळ करायला लावले. त्यातून डिसेंबर २००० मध्ये आला ‘फँटसी स्टार ऑनलाइन’. परक्या ग्रहावर उतरलेले चार जण मिळून गुहा, जंगले, पडकी यंत्रगृहे पार करतात आणि शेवटी अजस्र शत्रूशी लढतात. ते चौघे चार देशांतले असू शकत. त्यांना एकमेकांची भाषा येत नसेल हे गृहीत धरून खेळात तयार वाक्ये दिली होती: खेळाडूने आपल्या भाषेत वाक्य जुळवायचे, ते समोरच्याला त्याच्या भाषेत दिसे. जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, अशा पाच भाषा. ‘माझ्यामागे ये’, ‘मला वाचव’, ‘थँक्यू’, एवढ्या भांडवलावर ओसाकातला मुलगा आणि फ्रान्समधला मुलगा रात्रभर एकत्र खेळत.

अमेरिकेत हा खेळ जानेवारी २००१ च्या अखेरीस दुकानात आला, आणि त्याच आठवड्यात सेगाने यंत्र बंद होत असल्याची घोषणा केली. ज्या कारणासाठी यंत्र बनवले ते कारण दाखवणारा खेळ यंत्राच्या मृत्युपत्राबरोबर पोहोचला. उशीर का झाला? कंपनीची ढिलाई हे एक उत्तर आहे. मला दुसरे उत्तर जास्त पटते, आणि ते सातारा-सांगलीकडच्या माणसाला टोकियोतल्या माणसाइतकेच समजेल.

नव्वदच्या दशकात सांगलीच्या हरभट रोडला किंवा साताऱ्याच्या राजपथावर रात्री अकराला दुकाने मिटलेली असत, एसटीडी बूथ मात्र जागा असे. कारण अकरा वाजले की परगावच्या फोनचा दर पावपट होई. मुंबईत गिरणीत किंवा माथाडीत असलेल्या भावाला, पुण्यात शिकणाऱ्या मुलाला, लष्करात असलेल्याच्या छावणीला फोन लावायचा तर लोक त्या वेळेची वाट बघत. डोळे काचेमागच्या मीटरवर, बोलणे मोजके. फोनची तार घरात आलेली असणे आणि ती वापरणे परवडणे यांत केवढे अंतर असते, हे आपल्याकडच्या प्रत्येक कुटुंबाने अंगाने अनुभवलेले आहे. आता जपान बघा. तिथेही स्थानिक फोनला मिनिटांप्रमाणे पैसे पडत, आणि एनटीटी या टेलिफोन कंपनीची एक योजना होती: रात्री अकरा ते सकाळी आठ, ठरावीक मासिक रकमेत हवे तेवढे बोला. त्यामुळे ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ची खरी गर्दी जपानमध्ये रात्री अकराला सुरू होई. जगातल्या सर्वांत पुढारलेल्या यंत्रावर खेळणारा जपानी मुलगा आणि सांगलीत बूथबाहेर उभा असलेला बाप, दोघेही घड्याळात अकरा वाजायची वाट पाहत होते, आणि दोघांचे कारण एकच होते.

म्हणून मी ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ निवडतो. ओकावांचा अंदाज खरा होता, पण तो ज्या तारेवर उभा होता ती तार अजून मिनिटाच्या हिशेबाने विकली जात होती. हे या खेळात स्पष्ट दिसते. ‘शेनमू’त ते दिसत नाही, ‘सोल कॅलिबर’मध्ये तर नाहीच.

यावर एक आक्षेप घेता येईल: ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ही पुढे निन्टेंडोच्या गेमक्यूबवर गेला, मग तुमच्याच कसोटीने तोही बाद का नाही? कसोटी खेळ हलला का ही नाही, हलताना काय गळून पडले ही आहे. गेमक्यूबसाठी मोडेम किंवा ब्रॉडबँडचा अडॅप्टर वेगळा विकत घ्यावा लागे. तिथे तो खेळ हौशींची चैन झाला. प्रत्येक पेटीत परक्याशी जोडणारी तार असेल, हा मूळ विश्वास मागे राहिला.

हा प्रश्न कन्सोलपुरता आहे असे मी मानत नाही, आणि सांगलीला तर तो नवा नाही. १९१८ मध्ये मास्टर दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी बलवंत संगीत मंडळी काढली. दीनानाथांचे बिऱ्हाड पुढे सांगलीत होते. त्यांच्या कन्या लता मंगेशकर यांचे बालपण तिथे गेले. बोलपट आला तसे नाटक मंडळ्यांचे दिवस फिरले. बलवंतने सिनेमाही काढून पाहिला, १९३४ चा ‘कृष्णार्जुन युद्ध’, आणि त्यातून कंपनी सावरली नाही. व्यवहारात ही हरलेलीच संस्था. तिची ओळख कोणत्या नाटकाने सांगावी? लोक ‘भावबंधन’ म्हणतील. राम गणेश गडकऱ्यांनी जानेवारी १९१९ मध्ये मृत्यूच्या दारात ते पुरे केले, बलवंतने ते रंगभूमीवर आणले, कोल्हटकरांचा घनश्याम गाजला. पण ‘भावबंधन’ पुढे अनेकांनी केले आणि प्रत्येकाच्या हाती ते चालले. वीर वामनराव जोशींचे ‘रणदुंदुभी’ घ्या. त्यातली दीनानाथांनी गायलेली पदे आज जुन्या ध्वनिमुद्रिकांवर ऐकली तर बलवंत मंडळी का उभी राहिली ते कळते: एका धारदार, अंगावर येणाऱ्या गळ्यासाठी. आणि ती का टिकली नाही तेही कळते: तो गळा रोज रात्री प्रत्यक्ष हजर लागे, सगळ्या कंपनीचे बिऱ्हाड त्याच्यामागे गावोगाव हलवावे लागे, आणि बोलपटाला यातले काहीच लागत नव्हते. ‘भावबंधन’ श्रेष्ठ नाटक असेल. बलवंत मंडळीचे नाटक ‘रणदुंदुभी’ आहे.

प्रत्येक हरलेल्या यंत्राला मात्र असा खेळ असतोच असे नाही. सेगाचे मेगा ड्राइव्ह जगात तीन कोटींच्या आसपास खपले, पण भारतात त्याचे काय झाले? १९९५ मध्ये सेगाने इथे शॉ वॉलेसशी वितरणाचा करार केला, मद्याच्या धंद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीशी. आयातीवर ८० टक्के कर होता, तो टाळण्यासाठी ही वाट धरली. तरीही यंत्राची किंमत १८,००० रुपये. तेवढ्यात त्या काळी घरात चांगला रंगीत टीव्ही आला असता. मेगा ड्राइव्ह आपल्याकडे हरले, पण त्याचा कोणता विचार हरला? कोणताच नाही. खेळ लोकांपर्यंत पोहोचलेच नाहीत, मग कोणत्या खेळाने ते ओळखायचे? करामुळे किंवा किमतीमुळे मेलेले यंत्र आणि स्वतःच्या कल्पनेमुळे मेलेले यंत्र यांत मी फरक करतो. माझी कसोटी दुसऱ्या प्रकारालाच लागते.

सातारा-सांगलीत प्रत्यक्षात खेळले गेले ते तिसरेच यंत्र. निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल करून बनवलेल्या स्वस्त पेट्या, आणि त्यात घालायच्या प्लास्टिकच्या कॅसेटी. कॅसेटीवर हजारो खेळ असल्याचे छापलेले, आत मोजकेच खेळ फिरून फिरून. ‘कॉन्ट्रा’, ‘मारिओ’, ‘डक हंट’, रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’. दिवाळीच्या सुट्टीत, उन्हाळ्यात, चुलत-मावस भावंडांचा घोळका टीव्हीसमोर, एक मेला की दुसऱ्याची पाळी. यांतल्या बहुतेक खेळांत प्रगती साठवून ठेवायची सोय नव्हती. वीज गेली की सगळे पहिल्यापासून. त्यामुळे अर्ध्या तासात पार होणारा ‘कॉन्ट्रा’ आपल्याकडच्या विजेला सोसला, महिनोन्महिने खेळायचे लांबलचक खेळ सोसले नसते. या पेट्या भरपूर खपल्या. माझ्या पिढीच्या बालपणात त्यांचे स्थान मोठे आहे आणि मी त्यांना कमी लेखत नाही. पण त्यांचा स्वतःचा एकही खेळ नाही, कारण त्यांनी कशावरही डाव लावला नव्हता. दुसऱ्याचा जिंकलेला डाव त्यांनी स्वस्तात वाटला. बाजारातले यश आणि स्वतःची ओळख या दोन गोष्टी एकमेकींवाचून राहू शकतात, हे या पेट्या आणि ड्रीमकास्ट शेजारी ठेवले की दिसते.

पुढे मोठ्या कंपन्या भारतात रीतसर आल्या तेव्हाही असेच घडले. ब्रायन लाराच्या नावाने निघालेला २००७ चा क्रिकेटचा खेळ इथे युवराज सिंगच्या नावाने विकला गेला. प्लेस्टेशन २ साठी २००९ मध्ये ‘देसी अड्डा’ नावाचा खेळ आला, त्यात कबड्डी आणि विटी-दांडू होते. आपल्या मातीतले खेळ पडद्यावर दिसावेत ही इच्छा मला मनापासून पटते, आणि तालमी व कबड्डीच्या मैदानांच्या या जिल्ह्यांत ती पटणारच. पण यंत्राचा स्वतःचा असा कोणताही डाव त्या खेळात नव्हता.

कसोटी दुसऱ्या यंत्रावर लावून पाहू. निन्टेंडोचे वी-यू २०१२ मध्ये आले, सुमारे १ कोटी ३५ लाख खपले, कंपनीच्या मानाने मोठे अपयश. त्याचा सर्वांत जास्त खपलेला खेळ ‘मारिओ कार्ट ८’, आणि ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ तर गेल्या पंचवीस वर्षांतल्या थोर खेळांपैकी एक. दोन्ही पुढच्या स्विच यंत्रावर अधिक सुखाने नांदले. ‘मारिओ कार्ट ८’ तिथे सहा कोटींच्या पुढे गेला. वी-यूचा डाव वेगळा होता: हातातल्या कंट्रोलरवर स्वतंत्र पडदा, जो एकालाच दिसतो, बाकीचे टीव्हीकडे बघतात. ‘निन्टेंडो लँड’ नावाचा साधा, जत्रेसारखा खेळ हाच डाव मांडतो. त्यात एक जण लपतो, त्याला आपल्या पडद्यावर सगळा नकाशा दिसतो. बाकीचे ओरडत त्याला शोधतात. चार-पाच माणसे एका खोलीत असतील तर यासारखी मजा नाही, आणि नसतील तर त्या पडद्याचा अर्थच कळत नाही. जाहिरातीतून तो अर्थ लोकांना शेवटपर्यंत कळला नाही. हा खेळ स्विचवर आला नाही, येऊ शकतही नव्हता. वी-यूचा खेळ तोच.

पुन्हा ड्रीमकास्टकडे येतो, कारण त्याच्या डावाचे पुढे काय झाले हे सातारा-सांगलीने जवळून पाहिले आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटाची किंमत कोसळली. २०१८ मध्ये मोबाइलवर पब्जी आले. कराडच्या कॉलेजच्या कट्ट्यावर, वाळव्याच्या पारावर, मिरजेच्या स्टेशनबाहेर मुले चौघांचे पथक करून खेळू लागली, कानात हेडफोन, एकमेकांना मराठीत हाका मारत. पुन्हा चारच जण, पुन्हा वायरीपलीकडची परकी माणसे, फक्त वायर गेलेली आणि मिनिटाचा दरही गेलेला. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पब्जीवर बंदी घातली, पुढच्या वर्षी तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला, आणि मुलांची पथके तशीच होती. पालकांची तक्रार मला ठाऊक आहे, तिच्यात तथ्यही आहे. तरी दिवाणखान्यातला खेळ एकट्याचा राहणार नाही हे ओकावांचे म्हणणे जिथे ड्रीमकास्टचा खोकाही कधी पोहोचला नाही त्या गावांत खरे झाले, हे मला महत्त्वाचे वाटते. ओकावा ते पाहायला राहिले नाहीत. यंत्र बंद झाल्याच्या घोषणेनंतर दोन महिन्यांच्या आत, मार्च २००१ मध्ये ते वारले. त्याआधी आपल्या वैयक्तिक संपत्तीचा मोठा भाग त्यांनी सेगाला देऊन टाकला होता.

पण डावाचा अर्धाच भाग खरा झाला आहे. पब्जीतही तयार वाक्ये आहेत, तरी वाळव्याचे पथक बहुतेक वेळा वाळव्याचेच असते, आणि परका माणूस त्यात समोरचा शत्रू म्हणून येतो. ‘फँटसी स्टार ऑनलाइन’मध्ये परका माणूस शेजारी उभा असे. भाषा न येणारे चार जण एकाच राक्षसाशी लढत, जखमी झालेल्याला उठवत, आणि पुढच्या रात्री अकराला पुन्हा भेटायचे ठरवत. सेगाने आपले सर्व्हर बंद केल्यावर हौशी खेळाडूंनी स्वतःचे सर्व्हर उभे केले आणि तो खेळ चालू ठेवला, एवढी त्या भेटीची किंमत त्यांना वाटली. त्या वाक्यांच्या यादीत सहावी भाषा म्हणून मराठी घालायची झाली असती, तर वाक्ये कितीशी लागली असती? ‘थांब’, ‘मागे ये’, ‘मी आहे’, ‘उद्या येशील का?’ एवढ्यावर आमच्याकडचे पोर ओसाकातल्या पोराबरोबर सहज खेळले असते.